शाळेच्या भिंतीवर म्युरल करून घ्यायचंय? आधी भिंत बघा

वर्षातून दोन-तीनदा तरी मला हा फोन येतो. कधी एखाद्या शाळेचे आचार्य (मुख्याध्यापक) असतात, कधी एसएमसीमधले म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीतले पालक, कधी आर अँड बीमधला (सरकारी रस्ते आणि इमारत खातं) नवीन लागलेला इंजिनिअर. प्रश्न बहुतेक ठरलेला, ताई आमच्या नव्या बिल्डिंगच्या एन्ट्रन्सला काहीतरी छान करायचंय, पुढच्या महिन्यात उद्घाटन आहे, तुमच्या ओळखीत कुणी आर्टिस्ट आहे का? मी उलट एवढंच विचारते की भिंत कुठली आहे आणि तिच्या मागे काय आहे. बऱ्याचदा पलीकडे शांतता पसरते, कारण भिंतीच्या मागे कुणी जाऊन बघितलेलंच नसतं. मागे बहुतेक वेळा टॉयलेट ब्लॉक असतो.

म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू. शाळेसाठी, वॉर्ड ऑफिससाठी, दवाखान्यासाठी, कुठल्याही सरकारी इमारतीसाठी पहिल्यांदा कलाकाम करून घेणाऱ्यांना हे उपयोगी पडेल.

आधी वेळेचं बोलूया, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. आपल्या बडोद्याच्या कीर्तिमंदिरातली (गायकवाड राजघराण्याचं स्मारक) चित्रकार नंदलाल बोसांची भित्तिचित्रं बघितली असतील तर आठवून बघा, गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा (टागोरांचं नाटक) आणि महाभारताचं युद्ध, चार भिंती. इमारत १९३६ची आणि चित्रं झाली १९३९ ते १९४६ या काळात. सयाजीराव महाराज १९३९च्या फेब्रुवारीत गेले, काम त्यांच्यानंतरही वर्षानुवर्षं चालू राहिलं. आपल्याला सात वर्षं नकोत, पण सात आठवडेसुद्धा द्यायची तयारी नसेल तर खरंच करू नका, त्या पैशात झाडं लावा. साध्या रंगवलेल्या भिंतीला मंजुरीपासून शेवटच्या वॉर्निशपर्यंत चार ते पाच महिने धरा, टेराकोटा किंवा सिरॅमिक असेल तर आठ-दहा. इमारत अजून कागदावर असेल तर याहून चांगली वेळ नाही, त्याच दिवशी आर्किटेक्टला सांगा की अमुक भिंत कलेसाठी, तिथे स्विचबोर्ड नको, पाण्याचा पाइप नको, एसीचं आउटडोअर युनिट नको आणि वर लाइटचा पॉइंट काढून ठेवा. एका ड्रॉइंगवरच्या एका रेषेने पुढचे लाखभर रुपये वाचतात.

भिंत तपासायची कशी

हे मी थोडं सविस्तर सांगते, कारण याची किंमत मी मोजलेली आहे. एका शाळेत (नाव घेत नाही) आम्ही मुलांच्या जवळजवळ दोनशे चित्रांमधून एक मोठं डिझाइन जुळवलं, विश्वामित्री नदीतल्या मगरी, त्यांच्या पाठीवर बसलेले बगळे, वडाची मुळं, पुलावरून जाणारी सायकल. मेच्या शेवटच्या आठवड्यात ॲक्रिलिकमध्ये पूर्ण केलं आणि शाळा उघडली तेव्हा मुलं आपापला बगळा शोधत भिंतीला चिकटून उभी होती. गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप त्या भिंतीच्या कोपऱ्यात उतरतो हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या तीन फुटात फोड आले आणि नवरात्रीपर्यंत मगरीच्या पायांचे पापुद्रे हातात यायला लागले, आत पांढरी भुकटी, लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेला क्षार. एक मुलगी तो पापुद्रा तळहातावर घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, टीचर हा माझ्या बगळ्याचा पाय आहे. त्यानंतर मी भिंत न बघता कुणालाच होकार देत नाही.

तर काय बघायचं. पावसाळ्यात किंवा पावसाळा संपल्या संपल्या जा, उन्हाळ्यात सगळ्याच भिंती शहाण्या दिसतात. मागे जा, वर गच्चीवर जा, टाकी कुठे आहे, पावसाच्या पाण्याचे पाइप कुठून उतरतात, पॅरापेटला (गच्चीच्या कठड्याला) तडे आहेत का ते बघा. मग खिशातलं दहाचं नाणं घ्या आणि भिंतीवर फूट-फूट अंतरावर टकटक करत जा. घट्ट गिलावा ठाम वाजतो आणि सुटलेला गिलावा पोकळ वाजतो, मडक्यासारखा, एकदा ऐकलं की कान विसरत नाही. पोकळ वाजेल तिथे खडूने गोल करा, शेवटी लांब उभं राहून फोटो काढा. गोल चार-पाच असतील तर तेवढाच गिलावा काढून नवा करता येतो, अर्धी भिंत खडूने भरली असेल तर सगळा काढावा लागेल आणि तो खर्च एस्टिमेटमध्ये घालावा लागेल. ओल कळायला आणखी एक सोपी पद्धत आहे, हातभर लांबीचं जाड प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि दोन दिवसांनी उघडा. आत पाण्याचे थेंब दिसले तर भिंत अजून श्वास टाकतेय, रंग लावायचा नाही. नवीन सिमेंटचा गिलावा असेल तर पाणी मारून झाल्यावर तो सुकायला महिनाभर तरी सोडा. कडियाकाका (गवंडी) म्हणतील आठ दिवसात चालेल, नाही चालत.

बडोद्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते ती म्हणजे पूर. २०१९ला आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं ते शिपाईभाईंना विचारा, ते भिंतीवर बरोबर हात ठेवून दाखवतात. त्या हाताच्या खाली रंगकाम नको. तिथे दगड किंवा भाजलेली टाइल चालेल, नाहीतर चित्रच वर घ्या. पण शाळेत असेल तर पूर्ण वरही घेऊ नका हो, मुलांच्या हाताला लागेल अशा उंचीवर उठावाचा थोडा तरी भाग हवा. ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं त्यांनाही मग बोटांनी मगर कळते.

कुणासाठी आणि कशावर

थीम विचारली की दहापैकी आठ ठिकाणी तीच यादी मिळते, ग्रहमाला, स्वच्छता, स्वातंत्र्यसैनिक, वारली. यातलं काहीच वाईट नाही, फक्त ती चित्रं कुठल्याही गावातल्या कुठल्याही शाळेत शोभतात, मग ती आपल्या शाळेची कशी होणार. मी एसएमसीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना एकच विचारते, इथून शंभर पावलांवर काय आहे? प्रतापनगरला लोक नॅरोगेजची जुनी गाडी सांगतील, वाडीत कुणी पतंगाचा मांजा सांगेल, मांडवीत दरवाजा. त्यातून निघतं ते आपलं. आणि पिठोरा करायचा असेल तर जरा थांबून विचार करा. छोटाउदेपूरकडच्या राठवा लोकांच्या घरात पिठोरा म्हणजे नवस फेडायला बोलावलेला देव, भिंत सजवायचं डिझाइन नव्हे. तो काढणारे लखारा असतात, विधी करणारा बडवा (पुजारी) असतो. हवंच असेल तर त्यांच्यातल्याच कलाकाराला बोलवा, काय काढलेलं चालेल आणि काय नाही ते त्यालाच ठरवू द्या आणि पूर्ण मानधन द्या. इंटरनेटवरून घोडे उतरवून घेऊ नका.

हे सगळं एका पानावर लिहून काढा, भिंतीचं माप, फोटो, रोज तिथून कोण जातं, काय नको आहे, बजेट किती, तारीख कुठली. कलाकाराला हे एकच पान द्यायचं. चित्र कसं असावं ते मात्र त्यात लिहू नका, ते त्याचं काम.

पैसा आणि फाइल

फ्रान्समध्ये १९५१पासून नियम आहे की शाळा-कॉलेजच्या नव्या इमारतीच्या बांधकाम खर्चातला एक टक्का कलेला द्यायचा, नंतर तो बाकीच्या सरकारी इमारतींनाही लागू केला. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १९७४पासून अर्धा टक्का आहे, त्यात शाळाही येतात. मला त्यातली टक्क्याची रक्कम तितकी महत्त्वाची वाटत नाही, महत्त्वाचं हे की एस्टिमेट बनतं तेव्हाच कलेची ओळ त्यात असते. आपल्याकडे ती ओळ आपल्यालाच आग्रह धरून घालून घ्यावी लागते. दोन कोटींची इमारत असेल तर अर्धा टक्का म्हणजे एक लाख, एक टक्का म्हणजे दोन लाख, एवढं सांगितलं की साहेब लोकांनाही अंदाज येतो.

अडचण येते ती एसओआरची, म्हणजे सरकारी दरसूचीची. इंजिनिअरच्या शेड्यूलमध्ये गिलाव्याचा रेट असतो, टाइलचा असतो, डिस्टेंपरचा असतो, म्युरलचा नसतो. मग फाइल अडते, किंवा त्याहून वाईट म्हणजे कलाकाम 'डेकोरेटिव्ह पेंटिंग' म्हणून चौरस फुटाच्या भावात टाकतात आणि सगळ्यात कमी भाववाल्याला देऊन मोकळे होतात. तसं होऊ देऊ नका. नॉन-एसओआर आयटम म्हणून रेट ॲनालिसिस लावा आणि प्रत्येक खर्च वेगळा दाखवा, कलाकाराचं मानधन वेगळं, सामान वेगळं, कडियाची मजुरी, पालख (परांची), भट्टी, वाहतूक, लाइट, नावाची पाटी, जीएसटी आणि पुढच्या तीन वर्षांची देखभाल. मानधन आणि सामान एकत्र लिहिलं तर सामान महागलं की मानधनातून जातं, हे मी कित्येक तरुण कलाकारांच्या बाबतीत बघितलंय. मंजुरीचा क्रम तुमच्या ऑफिसातल्या क्लार्कभाईंना विचारा, वहिवटी (प्रशासकीय) मंजुरी आधी, मग तांत्रिक, त्यानंतर वर्क ऑर्डर, आणि वर्क ऑर्डर हातात आल्याशिवाय कलाकाराला एक रुपयाचाही रंग आणायला सांगू नका.

कलाकार निवडताना

मला विचाराल तर रक्कम आधीच जाहीर करायची. आमच्याकडे एवढे पैसे आहेत, एवढी भिंत आहे, यात तुम्ही काय कराल? म्हणजे स्पर्धा कामाची होते, भावाची होत नाही. आधी फक्त जुन्या कामांचे फोटो मागवा, नवीन डिझाइन मागू नका. आणि इथे एक गोष्ट नक्की करा, प्रत्येकाकडून त्याच्या किमान तीन वर्षं जुन्या बाहेरच्या कामाचा *आजचा* फोटो मागा. उद्घाटनाच्या दिवशीचा फोटो सगळ्यांचा सुंदर असतो.

त्यातून तीन जण निवडा, तिघांना भिंत दाखवायला बोलवा आणि तिघांकडून संकल्पचित्र घ्या, पण तिघांनाही सारखं मानधन देऊन. डिझाइन करणं हे काम आहे. आपल्याकडे एम. एस. युनिव्हर्सिटीची फाइन आर्ट्स फॅकल्टी असल्यामुळे लोकांना सवय लागलीये की मुलं हौसेने करतील, सर्टिफिकेट देऊ, नाश्ता देऊ. १९५०पासून त्या फॅकल्टीने देशाला केवढे चित्रकार-शिल्पकार दिले, के. जी. सुब्रमण्यन तिथेच शिकवत होते, ज्यांचं लखनौच्या रवींद्रालयावरचं १९६३चं टेराकोटाचं म्युरल अजून लोक बघायला जातात, आणि आपण त्याच कॅम्पसमधल्या पोरांना वडापाववर भिंती रंगवायला लावतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. शिकणारी मुलं घ्या, जरूर घ्या, पण बिल करून घ्या.

निवड समितीत पाच जण पुरे, आचार्य, इंजिनिअर, एक पालक, शाळेचे चित्रकलेचे सर आणि बाहेरचा एक कलाकार ज्याचा या कामाशी काही संबंध नाही. शाळा असेल तर सातवी-आठवीतल्या दोन मुलांना बसवा, ती फार चांगले प्रश्न विचारतात, एका मुलाने विचारलं होतं, सर यावर धूळ बसली की ही आज्जी म्हातारी दिसेल का? त्यावर कलाकाराने रंगच बदलला. मीटिंगची नोंद ठेवा, कोण का निवडला ते दोन ओळीत लिहा, उद्या आरटीआयमध्ये विचारलं तर उत्तर तयार पाहिजे.

डिझाइन पास करताना बदल एकाच वेळी, एकाच कागदावर, समितीच्या सहीने सांगायचे. भिंत अर्धी झाल्यावर कुणी साहेब आले आणि म्हणाले इथे लोगो टाका, तर तो कागद तुम्हाला वाचवतो.

सामान

बाहेरच्या उन्हातल्या भिंतीला ॲक्रिलिक रंग टिकून टिकून पाच-सात वर्षं, मग पुन्हा करावा लागतो, हे आधीच मान्य करून घ्या. लाल-पिवळे आधी उडतात, मातीचे गेरूसारखे रंग जास्त टिकतात. सिरॅमिक आणि टेराकोटा महाग पण पिढी बघतात. त्यात दोन हिशोब लक्षात ठेवा. एक म्हणजे माती सुकून भाजून साधारण दहा टक्के आकसते, म्हणजे बारा इंचाची टाइल हवी तर ओली सव्वातेराच्या पुढे कापावी लागते, म्हणून कलाकाराने नमुन्याची टाइल भाजून दाखवल्याशिवाय माप फायनल करू नका. दुसरा वजनाचा, इंचभर जाडीची भाजलेली टाइल चौरस फुटाला साडेचार किलोच्या आसपास भरते, वीस बाय आठची भिंत म्हणजे १६० चौरस फूट, म्हणजे सातशे किलोहून जास्त आणि वर चिकटवायचा मसाला वेगळा. जुन्या विटांच्या भिंतीवर हे चढवायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या. शाळेत रंग घेताना डब्यावर शिशाचं प्रमाण वाचा, कायद्याने ९० पीपीएमच्या वर चालत नाही, आणि मुलांच्या डोक्याच्या उंचीपर्यंत एकही टोक, तार, फुटकी काच बाहेर येता कामा नये.

करार, आणि अमरनाथ सहगल

हे नाव प्रत्येक सरकारी इंजिनिअरला माहीत असायला हवं. दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार सहगलांनी ब्रॉन्झचं प्रचंड म्युरल केलं होतं, सुमारे १४० फूट लांब आणि ४० फूट उंच, १९५७ला काम सोपवलं आणि १९६२ला पूर्ण झालं. १९७९मध्ये नूतनीकरणाच्या वेळी ते त्यांना न सांगता उतरवलं आणि गोदामात टाकलं, तुकडे झाले, काही हरवले. ते कोर्टात गेले. २००५मध्ये दिल्ली हायकोर्टाने सरकारला पाच लाख रुपये नुकसानभरपाई द्यायला सांगितली आणि उरलेले तुकडे त्यांना परत करायला लावले. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७मध्ये कलाकाराचा हा हक्क आहे, चित्र विकलं, पैसे घेतले, तरी त्याचं नाव आणि कामाची अब्रू त्याचीच राहते.

म्हणून करारात साध्या मराठीत, गुजरातीत, जी भाषा दोघांना कळते त्यात लिहा. नाव कुठे आणि केवढं लागणार. कॉपीराइट कुणाचा, कॅलेंडरवर किंवा पुस्तिकेवर छापायचं झालं तर काय, हे तोंडी चालत नाही, लेखीच हवं. भिंत पाडायची, हलवायची किंवा दुरुस्त करायची वेळ आली तर कलाकाराला किती दिवस आधी कळवणार. खराब झालं तर पहिल्या वर्षी कोण दुरुस्त करणार, आणि ओल भिंतीमुळे आली असेल तर ती जबाबदारी इमारतवाल्यांची, कलाकाराची नाही, हे स्पष्ट. पैशाचे हप्ते मी असे सुचवते, डिझाइन पास झाल्यावर २०%, सामानासाठी ४०%, अर्धं काम दिसल्यावर ३०% आणि शेवटचे १०% देखभालीचा कागद मिळाल्यावर. सरकारी ऑफिसात ॲडव्हान्स मिळत नाही म्हणतात, तर सामान साइटवर उतरल्यावर मोजून बिल पास करायची सोय करा. तरुण कलाकार खिशातून भट्टीचे पैसे भरू शकत नाही.

काम चालू असताना

शाळेत काम दिवाळीच्या सुट्टीत सुरू करा, एकवीस दिवसात परांचीवरचं धोक्याचं सगळं उरकतं, हवाही कोरडी असते. मे महिन्यात भिंत इतकी तापते की ब्रश टेकवेपर्यंत रंग सुकतो, करायचंच तर सकाळी दहापर्यंत. परांचीला जाळी, खाली दोरी, वर चढणाऱ्याला बेल्ट. कलाकारांसाठी पाणी, टॉयलेटची किल्ली आणि सामान ठेवायला कुलूप असलेली खोली, हे तीन कुणी लिहीत नाही आणि भांडणं यावरूनच होतात.

झाल्यावर

कलाकाराकडून एक फाइल घ्या. कुठला रंग, कुठल्या कंपनीचा, शेड नंबर, कुठलं वॉर्निश, कशाने पुसायचं (बहुतेक वेळा नुसतं पाणी आणि मऊ कपडा, ॲसिड तर चुकूनही नाही). टाइल असेल तर दहा टक्के जास्तीच्या टाइल खोक्यात, खोक्यावर नाव घालून, आचार्यांच्या कपाटात. फाइलच्या दोन कॉपी, एक शाळेत आणि एक इंजिनिअरकडे, कारण आचार्यांची बदली होते.

आणि इमारतीच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (कायमच्या वस्तूंच्या नोंदवहीत) त्या भिंतीची नोंद करा. हे मी का सांगते ते ऐका. दुसऱ्या एका शाळेत आमचं काम अगदी ठणठणीत होतं, मग वर्षाचं रंगकाम आलं, ठेकेदाराच्या मापात ती भिंतही होती, एका रविवारी त्याच्या माणसाने तिच्यावर दोन हात पांढरा मारला. त्याची काहीच चूक नव्हती, त्याच्या कागदात १६० चौरस फूट लिहिलं होतं, त्याने १६० चौरस फूट रंगवले. सोमवारी प्रार्थनेला मुलं उभी राहिली तेव्हा समोर कोरी भिंत होती. तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी रंगकामाच्या टेंडरमध्ये एक ओळ घालून घेते, 'अमुक भिंत वगळून', आणि त्या भिंतीच्या चारी कोपऱ्यांवर छोटी पितळी पट्टी बसवून घेते, 'रंगवू नये', गुजरातीत आणि हिंदीत, कारण रंगारी बहुतेक बाहेरगावचे असतात. पट्टीला चार स्क्रू लागतात, स्टीलचे घ्या, लोखंडी घेतलेत तर पहिल्याच पावसात गंजाचे ओघळ चित्रावर येतात.